गेम कंपनीतून बाहेर पडते आहे. अर्धवट खेळ आणि माझे आवाज यांचं काय करू?

धुक्यातला_आवाज

नमस्कार मंडळी.

पुण्यात आम्हा तिघांची छोटी गेम कंपनी आहे. एक प्रोग्रामर, एक चित्रकार आणि मी. आवाज आणि संगीत माझ्याकडे. तिघेही एकाच कॉलेजातले. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, तिघेही संचालक, शेअर्स समसमान. मी आता बाहेर पडायचं ठरवलं आहे. निर्णय पक्का आहे, त्यामुळे 'जाऊ की नको' हे विचारत नाही. कसं जावं आणि जाण्याआधी काय काय मार्गी लावावं, एवढंच विचारायचं आहे.

आमचा पहिला खेळ कात्रजच्या पाण्यावर होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, वाटेत उच्छ्वास, म्हणजे हवा खेळती ठेवणारे झरोके, ठेवले, गावात हौद बांधले. खेळणाऱ्याने ते पाणी एका हौदातून दुसऱ्या हौदात न्यायचं, अशी कोडी. त्यातला पाण्याचा प्रत्येक आवाज मी खरा रेकॉर्ड केला आहे. घंगाळ, दगडी डोणी, आजोळच्या वाड्यातली पन्हाळ, सगळं. खेळ बेताचाच विकला गेला, पण ज्यांनी घेतला त्यांतल्या बऱ्याच जणांनी आवाजांबद्दल आवर्जून लिहिलं. आलेल्या पैशांत जागेचं भाडं आणि वीजबिल सुटलं. पगार म्हणावा असं आम्ही कुणीच बराच काळ काही घेतलं नाही.

दुसरा खेळ निम्मा झाला आहे. भर पावसाळ्यात, दाट धुक्यात, भीमाशंकरच्या बाजूच्या रानातून वाट काढायची. समोरचं दिसत नाही, म्हणून ऐकत चालायचं. ओढा कुठल्या हाताला आहे, रातकिडे कुठे अचानक गप्प झाले, देवळाची घंटा जवळ येते आहे की मागे पडते आहे. या खेळात चित्रांपेक्षा आवाज जास्त काम करतात आणि ते जवळपास सगळे माझ्याकडे आहेत, काही डिस्कवर आणि काही नुसते डोक्यात.

बाहेर पडण्याचं कारण याच खेळातून आलं. माझी एक मैत्रीण अंध मुलांच्या वसतिगृहात शिकवते. तिच्याकडे मी खेळाचा कच्चा नमुना लॅपटॉपवर घेऊन गेले होते, खरं तर तिला दाखवायला. सातवीतल्या एका मुलाने हेडफोन मागून घेतला आणि खेळायला बसला. कुठली कळ कशाला एवढंच आम्ही सांगितलं. तो ओढा ओलांडून देवळापर्यंत गेला. आमच्या डोळस मित्रांपैकी निम्मे लोक त्या ओढ्यापाशीच चुकतात. मग त्याने विचारलं, "ताई, पुढचं कधी करणार?" पुढच्या भागात एक चित्रलिपीचं कोडं आहे, ते त्याला खेळताच येणार नाही, हे त्याला सांगताना मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. फक्त कानांनी खेळायचे खेळ करायचे, मराठीत, आपल्या रानातल्या, बाजारातल्या, एसटी स्टँडवरच्या आवाजांत. जगात हे झालेलं आहे. फ्रान्समध्ये २०१५ मध्ये 'अ ब्लाइंड लेजंड' आला, कॅनडात २०२१ मध्ये 'द व्हेल: शॅडो ऑफ द क्राउन'. दोन्ही मी डोळे मिटून खेळले आहे. माझ्या भागीदारांना ही कल्पना आवडते, पण कंपनी त्यावर चालेल असं त्यांना वाटत नाही. त्यांना दुसरा खेळ कन्सोलवर न्यायचा आहे आणि तिसऱ्याचा आराखडाही तयार आहे. त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांनी माझ्यासाठी वाट बदलावी असं मला मुळीच वाटत नाही. म्हणून मीच निघते.

आता अडतं कुठे ते सांगते. दुसरा खेळ अर्ध्यावर आहे, तो पुरा होईपर्यंत थांबू की आधीच निघू? थांबले तर वर्षही जाऊ शकतं. माझ्या शेअर्सचं काय करायचं, याबद्दल आम्ही सुरुवातीला काहीच लिहिलेलं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ते आवाज. भीमाशंकरचे बेडूक, पाऊस, तो ओढा कुणाचा? मला ते नव्या कामातही लागतील. आणि ते कंपनीकडून काढून घ्यायचे, हे मला मनातसुद्धा आणवत नाही.

ज्यांनी असं काही केलं आहे किंवा जवळून पाहिलं आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना_कन्सोलवाला

ताई, कात्रजवाला खेळ मी खेळलो आहे. रिकाम्या हौदात पहिलं पाणी पडतं तो आवाज अजून लक्षात आहे. तुम्ही नवं काही सुरू करताय याचा आनंदच झाला.

कायद्यातलं मला कळत नाही. पण छोट्या गेम कंपन्यांतून संस्थापक कसे बाहेर पडले, हे मी वर्षानुवर्षं आस्थेने वाचत आलो आहे, त्यातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगतो.

तुमच्या सगळ्यात जवळचं उदाहरण 'टूडी बॉय' या दोघांच्या गेम कंपनीचं आहे. काइल गॅबलर आणि रॉन कार्मेल, दोघेही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीतली नोकरी सोडून आलेले. 'वर्ल्ड ऑफ गू' हा खेळ त्यांनी २००८ मध्ये आणला. धो धो चालला. अशा वेळी लोक माणसं घेतात, मोठं ऑफिस घेतात, लगेच दुसरा भाग काढतात. या दोघांनी तसलं काही केलं नाही. कार्मेल २०१० मध्ये आणखी काही जणांबरोबर 'इंडी फंड' उभा करण्यात लागला, म्हणजे छोट्या खेळांना प्रकाशकाच्या अटींशिवाय पैसा मिळावा यासाठीचा निधी. गॅबलरने ॲलन ब्लोमक्विस्ट आणि काइल ग्रे यांच्याबरोबर 'टुमॉरो कॉर्पोरेशन' काढली. त्यांचा 'लिटल इन्फर्नो' २०१२ मध्ये आला. जुनी कंपनी मात्र कुणी मोडली नाही. खेळ तिच्याच नावावर राहिला आणि विकला जात राहिला. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'वर्ल्ड ऑफ गू २' आला, टूडी बॉय आणि टुमॉरो कॉर्पोरेशन या दोघांचा मिळून. सोळा वर्षांनी! हक्कांवरून किंवा शेअर्सवरून मनं दुखावली असती, तर हे शक्य झालं नसतं असं मला वाटतं. म्हणून पहिला आग्रह हा की खेळ कंपनीकडेच ठेवा, त्याचे तुकडे करून वाटून घेऊ नका.

दुसरं उदाहरण तुमच्या 'कधी' या प्रश्नासाठी. 'जर्नी' तुम्ही खेळला असालच; संगीतवाल्या आहात, तेव्हा ऑस्टिन विंटरीचं नाव सांगायला नको. चित्रपट-मालिकांच्या संगीतासाठीच्या ग्रॅमी विभागात नामांकन मिळालेलं ते पहिलं गेमचं संगीत. तो खेळ करणाऱ्या 'दॅटगेमकंपनी'चे संस्थापक दोन, जेनोवा चेन आणि केली सँटिआगो, दोघेही दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकलेले. सोनीबरोबर तीन खेळांचा करार होता: 'फ्लो', 'फ्लॉवर' आणि 'जर्नी'. 'जर्नी'ला ठरल्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला, आणि शेवटी कंपनीकडे पैसाच उरला नव्हता हे चेनने पुढे जाहीर भाषणात सांगितलं. खेळ मार्च २०१२ मध्ये आला आणि सँटिआगो त्याच महिन्यात बाहेर पडल्या. नंतर त्या 'ऊया' नावाच्या कन्सोलच्या कंपनीत गेल्या. रॉबिन हनिकी, म्हणजे 'जर्नी'च्या निर्मात्या, त्याही त्याच सुमारास निघाल्या आणि पुढे त्यांनी स्वतःची 'फुनोमेना' काढली. मला यात महत्त्वाचं दिसतं ते हे की हातातला खेळ पुरा झाला होता, करार संपला होता. नव्या भांडवलावर चेनने पुढचं काम सुरू केलं, ते थेट २०१९ मध्ये 'स्काय' म्हणून बाहेर आलं. सँटिआगो त्या नव्या कामात मध्येच गुंतल्या असत्या, तर सात वर्षं अडकल्या असत्या, नाहीतर अर्ध्यावर सोडून जावं लागलं असतं.

म्हणून तुम्ही दुसरा खेळ संपेपर्यंत थांबावं, असं कुणीही म्हणेल. पण मला तसं वाटत नाही, आणि याला कारण 'माइनक्राफ्ट'. तो खेळ करणाऱ्या मार्कस पर्सनने मोजांग ही आपली कंपनी सोडली ती २०१४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला कंपनी घेतली तेव्हा. बातमी तीच झाली. पण खेळाची सूत्रं त्याने त्याच्या किती आधी दिली होती पाहा. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये खेळाची पूर्ण आवृत्ती आली आणि डिसेंबरमध्ये मुख्य रचनाकार म्हणून येन्स बेर्गेनस्टेन आला. म्हणजे पर्सन गेला त्या दिवशी खेळ जवळपास तीन वर्षं दुसऱ्याच्या हातात होता. सरावाच्या हातात होता. खेळणाऱ्यांना फरक जाणवला नाही.

तेव्हा तुमचं शरीर कंपनीत कधीपर्यंत आहे, हा प्रश्न दुय्यम आहे. तुम्ही असतानाच दुसऱ्या कुणीतरी तुमचं काम हातात घेतलं पाहिजे. नवा आवाजवाला आणा, त्याला एक पूर्ण टप्पा एकट्याने करू द्या, चुकला तर तुम्ही शेजारी आहात. तो टप्पा तिघांना पसंत पडला की तुम्ही मोकळ्या.

आणखी एक. स्ट्युअर्ट बटरफील्डचा 'ग्लिच' हा ऑनलाइन खेळ बंद पडला २०१२ च्या डिसेंबरमध्ये, आणि त्याच लोकांच्या आतल्या कामाच्या साधनातून पुढे 'स्लॅक' हे ऑफिसातल्या निरोपांचं ॲप झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याइतकंच लक्षात ठेवावं असं दुसरं काही आहे. खेळ बंद करताना त्यांनी पैसे भरलेल्या खेळाडूंना परतावा देऊ केला, जाणाऱ्या सहकाऱ्यांना काम मिळावं म्हणून त्यांची माहिती देणारं पान काढलं, आणि वर्षभराने खेळातली बहुतेक चित्रं सगळ्यांना मुक्त वापरासाठी खुली केली. ते बेडूक कुणाचे, हे तुम्ही विचारता आहात. ते सगळ्यांचेही होऊ शकतात, हा एक पर्याय तिघांसमोर ठेवून बघा.

सीएस_सदाशिवपेठ

मी कंपनी सेक्रेटरी आहे. गेमिंगमधलं मला काही कळत नाही, पण तुमच्या प्रश्नात दोन-तीन ठिकाणी पाणी मुरतं आहे, ते सांगते. हा सर्वसाधारण सल्ला समजा. कागद करताना वकील आणि सीए दोघांना दाखवा.

आधी आवाज, कारण धोका सगळ्यात जास्त तिथेच आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. तुम्ही लिहिता, पगार घेतला नाही. नेमणुकीचं पत्रही नसेल असं धरते. नुसता संचालक असल्याने माणूस कंपनीचा नोकर ठरत नाही. म्हणजे कात्रजच्या खेळाचं संगीत आजही तुमच्या वैयक्तिक मालकीचं आहे, असा वाद उभा राहू शकतो. तुम्ही तो काढणार नाही हे दिसतंच आहे. पण उद्या एखादा प्रकाशक कागद मागेल, किंवा तुमच्या भागीदारांना कंपनीत गुंतवणूकदार घ्यायचा असेल, तेव्हा पहिलं विचारलं जाईल ते हेच, आणि तिथे घोडं अडेल.

म्हणून जाण्याआधी लेखी हस्तांतरण करा. आणि ते नीट करा, कारण कलम १९ मध्ये बारकावे आहेत. मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण ५ वर्षांपुरतं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. तुमचा खेळ जगभर विकला जातो, तेव्हा 'संपूर्ण जग' आणि 'कॉपीराइटची संपूर्ण मुदत' हे शब्द हवेतच. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. हक्क घेणाऱ्याने १ वर्षात तो वापरला नाही, तर तो हक्क संपला असं धरतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. तुमचा दुसरा खेळ वर्षभरात बाजारात येईलच अशी खात्री नाही, म्हणून हे कलम लागू होणार नाही असं स्पष्ट लिहून घ्या. संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत, दोन्हींचा उल्लेख करा.

बेडकांचं उत्तर माझ्या मते सोपं आहे. खेळासाठी बांधलेलं संगीत आणि तयार केलेले आवाज कंपनीला द्या. रानातली मूळ, न कापलेली रेकॉर्डिंग्ज स्वतःकडे ठेवा आणि कंपनीला ती कायम वापरायचा परवाना द्या. किंवा उलट करा. दोन्ही बाजूंना वापर करता येतो, कुणाला कुणाकडून काही काढून घ्यावं लागत नाही. कुठली फाइल कुठल्या गटात, याची यादी कराराला जोडा. यादीशिवायचा करार मी तरी सही करू देणार नाही.

आता संचालकपद. राजीनामा लेखी द्यायचा. कंपनीला मिळाल्याची तारीख किंवा तुम्ही लिहिलेली तारीख, यांतली जी नंतरची ती धरतात. कंपनीने ३० दिवसांत डीआयआर-१२ हा संचालक बदलल्याचा फॉर्म भरायचा असतो. तो भरला गेला की नाही, हे तुम्ही स्वतः केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. तुम्हीही डीआयआर-११ हा फॉर्म भरून स्वतःकडून कळवू शकता, आणि तो भराच. तुम्ही गेल्यावर दोन संचालक आणि दोन भागधारक उरतात, प्रायव्हेट कंपनीला तेवढे पुरतात.

शेअर्स. सगळे परत द्या असं मी म्हणणार नाही, तुमची मेहनत त्यात आहे. पण एक तृतीयांश हिस्सा कामात नसलेल्या माणसाकडे राहिला, तर त्या दोघांना विशेष ठराव तुमच्याशिवाय करता येणार नाही, कारण त्याला तीन चतुर्थांश मतं लागतात. हिस्सा एक चतुर्थांशाच्या खाली आणा, बाकीचे त्या दोघांना विका. कंपनीने बायबॅक करण्यापेक्षा, म्हणजे स्वतःच शेअर्स परत विकत घेण्यापेक्षा, हे सुटसुटीत. शेअर्स कागदी असतील तर एसएच-४ या फॉर्मवर हस्तांतरण, मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के. मैत्रीखातर फुकटात देऊ नका. बाजारमूल्यापेक्षा फार कमी भावाने दिले तर घेणाऱ्यावर कर येऊ शकतो. सीएकडून मूल्यांकन करून घ्या.

स्पर्धा करणार नाही असं कलम कुणी घालायला लागलं तर घाबरू नका. करार कायदा १८७२, कलम २७ खाली अशी बंधनं सहसा टिकत नाहीत, व्यवसायाची पत (गुडविल) विकली असेल तो अपवाद. गुप्ततेचं कलम मात्र चालतं आणि असावं.

शेवटचं आणि तातडीचं. कंपनीच्या नावे काही कर्ज आहे का? त्यावर तुमची वैयक्तिक हमी आहे का? संचालकपद सोडलं म्हणून हमी सुटत नाही. बँकेने लेखी मुक्त केल्याशिवाय नाही.

उरलेला_भागीदार

मी दुसऱ्या बाजूचा आहे. आम्ही दोघे होतो, माझा भागीदार गेला, मी उरलो. चांगल्या मनाने गेला. तरीही पुढचे सहा महिने मी नुसतं निस्तरत होतो, म्हणून लिहितो.

खेळ विकायची सगळी खाती त्याच्या वैयक्तिक ईमेलवर होती. ओटीपी त्याच्या फोनवर. तो परदेशी गेला आणि नंबर बंद झाला. आमच्या खेळातला एक साधा दोष दुरुस्त होऊन पडला होता, पण तो लोकांपर्यंत पोचवायला मला त्या खात्यात शिरताच येईना. तेव्हा स्टीमचं (म्हणजे खेळांच्या ऑनलाइन दुकानाचं) खातं, प्ले स्टोअरचं खातं, ॲपवर सही करायची किल्ली, डोमेन, कोड ठेवायची जागा, सगळं कंपनीच्या ईमेलवर आणा आणि किमान दोन माणसांना पूर्ण अधिकार द्या. हे राजीनाम्याआधी. तुमच्या बाबतीत आणखी एक बघा: आवाजांची जी सॉफ्टवेअरं आणि वाद्यांचे विकतचे संच आहेत, त्यांचे परवाने तुमच्या नावावर आहेत की कंपनीच्या? बरेचसे दुसऱ्याला देता येत नाहीत. मग नव्या माणसाला तुमची मूळ फाइल उघडेल, पण निम्मी वाद्यं मुकी असतील. प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक साध्या ऑडिओ फाइलमध्ये काढून ठेवा.

फाइल्सपेक्षा मला जास्त उणीव भासली ती कारणांची. एखादी गोष्ट तशी का केली आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एका ठिकाणी त्याने मुद्दाम उशीर ठेवला होता. मला तो दोष वाटला, मी काढून टाकला, आणि खेळाची सगळी लय बिघडली. ताई, तुम्ही लिहिलंय ना, रातकिडे कुठे गप्प होतात? ते तिथेच का गप्प होतात, हे बोलून ठेवा. खेळ सुरू करा, खेळत जा, आणि पडद्याबरोबर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करत जा. लिहायला बसलात तर होणार नाही, बोलत खेळलात तर दोन संध्याकाळींत होईल.

आणि त्या दोघांना बातमी तुमच्याच तोंडून, समोर बसून कळू दे. कागद नंतर.

धुक्यातला_आवाज

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं आणि मग भागीदारांनाही हा धागा वाचायला दिला. मी जाते आहे हे त्यांना आधीच माहीत होतं, पण तारीख आणि तपशील यांवर आम्ही सगळेच बोलायचं टाळत होतो. काल रात्री बसलो.

कर्ज आहे. चालू खात्यावरच्या उचलीवर आम्हा तिघांच्या हमीच्या सह्या आहेत. सीएस ताईंनी विचारलं नसतं तर हे माझ्या ध्यानात आलं नसतं. बँकेत आज चौकशी केली, ते म्हणाले की उरलेल्या दोघांच्या हमीवर नव्याने मंजुरी घ्यावी लागेल, अर्ज करा. सोमवारी करतो आहोत. मंजुरी येईपर्यंत मी राजीनाम्यावर तारीख घालणार नाही.

आवाजांचं ठरलं. खेळासाठी केलेलं सगळं कंपनीचं. रानातली मूळ रेकॉर्डिंग्ज माझी, कंपनीला कायमचा परवाना. प्रोग्रामर म्हणाला, पाण्याचे आवाजही तूच ठेव, तुझ्या आजोळचे आहेत. पण ते मी कंपनीलाच देते आहे. त्या खेळातून ते वेगळे काढले तर तिथे काय उरेल? बेडूक, पाऊस आणि रातकिडे यांतला काही भाग सगळ्यांसाठी खुला करायला तिघेही तयार आहोत. ती कल्पना फार आवडली.

धुक्याच्या खेळाचं असं ठरलं की ओढ्यापासून देवळापर्यंतचा टप्पा मी पुरा करून देते, त्यानंतरचा घाटाचा टप्पा नवा माणूस करेल आणि मी शेजारी बसेन. एक मुलगी डोळ्यासमोर आहे, नाटकांचं पार्श्वसंगीत करते, कान फार चांगला आहे. शेअर्सचं मूल्यांकन करायला सीए शोधतो आहोत.

आणि चित्रलिपीचं ते कोडं आमची चित्रकार बदलते आहे. खुणा दगडात कोरलेल्या आहेत, तर त्यांवरून काठी फिरवली की प्रत्येकीचा वेगळा आवाज येईल अशी. हे तिने स्वतःहून सुचवलं. म्हणजे तो मुलगा पुढे जाऊ शकेल. मला काल रात्री झोप लागली नाही, आनंदाने.

श्राव्य

मी जन्मापासून अंध आहे, नाशिकला बँकेत नोकरी करतो, खेळ भरपूर खेळतो. कंपनीचं तुमचं तुम्ही पाहाल. तुमच्या नव्या कामाबद्दल बोलतो.

तुमच्या त्या मुलाकडे हेडफोन होता म्हणून तो ओढा ओलांडू शकला. वसतिगृहातली मुलं कशी ऐकतात ते माहीत आहे का? एक इअरफोन, दोन मुलं. एक टोक याच्या कानात, दुसरं त्याच्या. म्हणजे डावा-उजवा भेद गेला. किंवा एक बाजू बंद पडलेली असते आणि तेच वर्षभर चालतं. नुसत्या डाव्या-उजव्यावर बेतलेला खेळ त्यांना खेळताच येणार नाही. तेव्हा एका कानानेही वाट सापडेल असं काहीतरी हवं. जवळ-लांब हे आवाजाच्या पोतावरून कळतं, नुसतं मोठं-लहान करून नाही. जवळचं पाणी खळखळतं, लांबचं घुमतं. हे तुम्हाला मी काय सांगू.

ब्लूटूथवाले इअरफोन आता स्वस्त झालेत, ते असले की आवाज उशिरा पोचतो. बाण आला, उडी मार, असा खेळ असेल तर आम्ही दर वेळी मरतो. सुरुवातीलाच एक छोटी चाचणी ठेवा: टाळी ऐकली की बोट टेकवा. त्यावरून किती उशीर होतो ते खेळाने मोजून घ्यावं आणि तेवढी सूट द्यावी.

बोलणारा आवाज माणसाचा असू द्या, पण पुढे ढकलायची सोय ठेवा. आम्ही फोनचं वाचन डोळस माणसाला कळणार नाही इतक्या वेगाने ऐकतो. संथ, काळजीवाहू आवाजात दिलेल्या सूचना संपायची वाट पाहणं जिवावर येतं. आणि गोष्ट अंध नायकाचीच असली पाहिजे असं नाही. मला दरोडेखोर व्हायचं आहे, कप्तान व्हायचं आहे. गडावरून दोर टाकून उतरायचं आहे.

किंमत ठेवा. फुकट दिलेल्या गोष्टीचा पुढचा भाग येत नाही, हे आम्ही पुष्कळदा अनुभवलं आहे. शाळांना हवं तर स्वस्तात द्या, पण माझ्यासारख्या नोकरदाराकडून पैसे घ्या.

पहिला नमुना झाला की इथेच कळवा. नाशिकमध्ये आम्ही दर रविवारी जमणारा एक गट आहोत, वयं वेगवेगळी, फोन वेगवेगळे, दोघांचे तर अगदी जुने. सगळे खेळून बघू आणि जे खटकेल ते तोंडावर सांगू.